टिंबूताईंकडे पाऊस पडत नाही

टिंबूताईंकडे पाऊस पडत नाही. पाऊस येतो, लागतो, झोडपतो, कोसळतो, कधी चार शिंतोडे उडवून पळून जातो. पण पडत नाही. हवामान कार्यालयात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडी पाऊस पडू नये, हे नवलच. पण ऑफिसात ते कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. माणूस काय बोलतो तेच जिथे कुणी धड ऐकत नाही, तिथे तो काय बोलायचं टाळतो ते कोण ऐकणार?

बरं, नुसत्या पावसापुरतं असतं तर एक वेळ निभावलंही असतं. पण 'पडणे' हे क्रियापद मोठं चिवट. थंडी पडते, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, माणूस आजारी पडतो, स्थळ पसंत पडतं. टिंबूताईंच्या घरी थंडी सुटते, प्रश्न उभा राहतो, स्वप्न येतं आणि ताप आला तर त्या नुसत्याच आजारी असतात. एकदा त्यांच्या वहिनींच्या हातून कप निसटला, तेव्हा त्या ओरडल्या, "अहो वहिनी, कप खाली गेला!" वहिनी बिचाऱ्या जिन्याकडे बघत राहिल्या.

एकोणीस वर्षं ही बाई एका शब्दाला वळसा घालून चालते आहे. ज्या घरात तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, त्या घराची गल्ली माणूस टाळतो ना, तसं.

टिंबूताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसच्या मोठ्या खोलीत भिंतभर समुद्राचा नकाशा लावलेला आहे. समुद्रात वादळ तयार व्हायला लागलं की दर तीन तासांनी त्याचं केंद्र कुठे आहे ते कळतं, आणि कळलं की नकाशावर तिथे एक टिंब काढायचं. हे टिंब काढणं हीच त्यांची नोकरी. आधी पेन्सिलीने काढायचं, दुसरीकडून खात्री झाली की शाईने. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी भिंग मागवून विचारलं होतं, "बाई, हे टिंब आहे की माशीने बसून विचार केलाय?" तेव्हापासून त्या टिंबू. वय वाढलं तशी मागे ताई लागली. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वादळाची वाट बघत होते."

या कामाचा एकच नियम. पुढचं टिंब काढायचं नाही. चार टिंबं ओळीने एका रेषेत आली की हात शिवशिवतो, पाचवं कुठे येणार ते डोळ्यांना दिसायला लागतं. पण वादळ म्हणजे काही नाकासमोर चालणारा कारकून नव्हे. टिंबूताईंनी तो नियम कधी मोडला नाही. त्यांचं जे काही मोडलं ते दुसरीकडेच.

त्यांचा मोठा भाऊ खाडीवर लाँच चालवायचा. या तीरावरून त्या तीरावर, दिवसातून सहा फेऱ्या, शेवटची चार वाजता. ताईंहून दोन वर्षांनी मोठा, आवाज खणखणीत आणि थट्टेला सदा तयार. टिंबू हे नाव त्याच्या कानावर गेल्यावर त्याने त्याचं लगेच टिंबे करून टाकलं. शेवटच्या फेरीआधी, बरोबर पावणेचारला, धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोपटातून तो ऑफिसात फोन करायचा. ऑफिसचा फोन घरगुती बोलण्यासाठी नाही, असा कागदच भिंतीवर लावलेला होता, म्हणून भावंडांनी बोलणं अगदी छाटून टाकलेलं होतं.

"काय म्हणतंय?" तो विचारायचा.

"आहे," असं ताई म्हणाल्या तर वारा आहे, जपून. "वाढतोय," म्हणाल्या तर लाँच बांधून ठेव. आणि "पडला," म्हणाल्या तर वारा पडला, खुशाल जा. तो "बरं," म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. बंदरावर इशाऱ्याचा झेंडा असायचा, नाही असं नाही. पण दादा म्हणायचा, "झेंडा काय, वाऱ्याबरोबर हलतो. माझी बहीण हलत नाही." हे तो उतारूंनाही ऐकवायचा. ते फिरत फिरत ताईंच्या कानावर आलं, तेव्हा त्या दिवशी त्यांनी सगळी टिंबं जरा मोठीच काढली.

एकोणीस वर्षांपूर्वीचं ते वादळ जन्मलं तेव्हा ढगांचा नुसता एक पुंजका होता. दुसऱ्या दिवशी त्याने बाळसं धरलं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात; याचे पाय दिसत होते, पण कुठल्या दिशेला आहेत तेच कळेना. आधी वायव्येला निघालं, म्हणून साहेबांनी वरच्या किनाऱ्याला सावध केलं, तर संध्याकाळी जागच्या जागी थांबलं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेला वळलं, एक अख्खी गिरकी घेतली आणि आपल्याच जुन्या टिंबावर परत येऊन बसलं. तीन मोठ्या केंद्रांचे संगणक तीन तोंडांनी बोलत होते. एक म्हणे किनाऱ्यावर येणार, दुसरा म्हणे खोल समुद्रातच विरणार, आणि तिसरा दर सहा तासांनी मत बदलत होता. त्या तिसऱ्याला ऑफिसात व्याहीबुवा म्हणत, कारण तो कधी कशावरून रुसेल याचा नेम नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पाच टिंबं एकावर एक बसली. पेन्सिलीने कागदाला भोक पडलं. किनाऱ्यावर पान हलत नव्हतं. "मेलं," असं साहेबांनी जाहीर केलं आणि चहा मागवला. मुख्य कार्यालयातून तीन मोठे अधिकारी पाहणीला आले होते, त्यांच्यासमोर वादळ मेलेलं असणंच सोयीचं होतं.

एकट्या टिंबूताईंना ते पटत नव्हतं. भर समुद्रात नांगरून ठेवलेल्या एका तरंगत्या बोयावर हवेचा दाब मोजणारं यंत्र होतं. सकाळपासून त्याचा आकडा थोडा थोडा उतरत होता. सगळे म्हणाले यंत्र बिघडलंय. ते बिघडायचंही अधूनमधून, भरवशाच्या म्हशीला टोणगा अशी त्याची ख्याती होती. पण ताईंनी तिथून जवळच असलेल्या एका मालवाहू जहाजाचा आकडा मिळवला. तोही उतरलेला. वारा नाही, पाऊस नाही, आणि दाब मात्र उतरतो आहे, याचा अर्थ वादळ मेलेलं नाही, दम खाऊन बसलंय. "साहेब, पावणेचारचा आकडा येऊ दे," त्या म्हणाल्या, "मग बोलू." पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "या कोण?" साहेबांना त्यांचं आडनाव चटकन आठवेना. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर आठवेना. "या आमच्या टिंबूताई," ते म्हणाले आणि पाहुणे हसले.

पावणेचारला फोन वाजला. ताईंनी रिसीव्हर उचलला.

"काय म्हणतंय?"

नेमक्या त्याच वेळी वायरलेसवाले काका काचेच्या दाराआडून आकडा ओरडत बाहेर आले. तीन तासांत दाब आठ मिलीबारने उतरला होता. आयुष्यभर हे काम करणाऱ्यालाही असा आकडा एकदा-दोनदाच भेटतो. ताई खुर्चीवरून उठल्या ते रिसीव्हर कानाशी धरूनच, आणि ओरडल्या, "पडला! पडला हो साहेब, पडला!"

आता ऑफिसात पडतो तो दाब, आणि दाब पडला की वादळ उठतं. धक्क्यावर पडतो तो वारा, आणि वारा पडला की लाँच सुटते. शब्द एकच, आणि दोन्हीकडची माणसं तो चौदा वर्षं बिनघोर वापरत आलेली.

ताईंनी रिसीव्हर टेबलावर उघड्या वहीवर ठेवला आणि त्या नकाशाकडे गेल्या. मागून टाळ्यांचा आवाज आला. पाहुण्यांपैकी सगळ्यात मोठे जे होते, त्यांनी सुरुवात केली. मग साहेबांनी, मग सगळ्यांनीच. कुणीतरी शिट्टीही वाजवली. "आपल्या तिन्ही संगणकांना जे दिसलं नाही, ते या बाईंनी पकडलं," मोठे अधिकारी म्हणाले. "बाई, टिंब तुम्हीच काढा. आणि कसं ओळखलंत ते नीट सांगा आम्हाला."

इथे गोष्ट सांगणाऱ्याने लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. टिंबूताईंना कळलं होतं. शाईची दौत घ्यायला त्या वळल्या तेव्हा वहीवरचा रिसीव्हर त्यांना दिसला आणि मनात स्वच्छ आलं, दादाने 'पडला' ऐकलं. त्याला वाटेल वारा पडला. सांगायला हवं. त्यांनी एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात मोठे अधिकारी म्हणाले, "बाई?" आणि सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दादा तर 'बरं' म्हणून कधीच ठेवून देतो, आत्ताही ठेवला असेल, दोन मिनिटांनी लावू आपण, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि नकाशाकडे तोंड केलं.

त्यांनी टिंब काढलं. थेट शाईने. मग बोयाचा आकडा, जहाजाचा आकडा, किनाऱ्यावरची शांतता कशी फसवी असते, हे सगळं सांगितलं. आवाज चांगला लागला होता. मध्ये एक विनोदही केला, व्याहीबुवांवर, आणि मोठे अधिकारी पोट धरून हसले. अकरा मिनिटं लागली. त्यातली निदान नऊ मिनिटं तो रिसीव्हर आपल्या पाठीशी आहे, हे त्यांना माहीत होतं. सुख समोर असताना मागे वळून बघायला कुणाला आवडतं?

तीन वाजून सत्तावन मिनिटांनी त्यांनी रिसीव्हर उचलला. नुसता टूं-टूं आवाज. खोपटात फोन लावला, तो वाजत राहिला. पुन्हा लावला. चार वाजून पाच मिनिटांनी तिकिटवाल्याने उचलला.

"लाँच? ती तर सुटली की," तो म्हणाला. "आज वारं नाही, पाणी कसं आरशासारखं आहे बघा."

लाँच बंद ठेवण्याचा हुकूम बंदरावर पोचला तेव्हा चार वीस झाले होते. साडेचारला वारा उठला, आणि तो उलट्या बाजूने. लाँचमध्ये तेवीस माणसं होती. दादाने अर्ध्या खाडीतून ती फिरवली आणि कशीबशी धक्क्यापर्यंत आणली. पण लाटा तिला धक्क्याला टेकू देईनात. टेकली की आपटायची. तेव्हा तो काठावर बसला, धक्क्याच्या दगडाला डावा पाय लावून त्याने लाँच दाबून धरली आणि एकेकाला उडी मारायला लावली. तेवीसच्या तेवीस माणसं उतरली. शेवटच्या उडीला लाँच तिरकी झाली आणि पाय लाँच आणि दगडाच्या मध्ये सापडला. लाँच बुडाली. दादाला चौघांनी ओढून काढलं. पाय गुडघ्याखाली काढून टाकावा लागला.

पुढे चौकशी झाली. एका लांबट खोलीत, लांबट टेबलाभोवती. टिंबूताई ऑफिसतर्फे नकाशाची गुंडाळी आणि नोंदींची वही घेऊन हजर होत्या. दादा कुबड्यांवर आला. त्याला विचारलं, "अशा दिवसांत लाँच काढायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "वारा पडलेला दिसला, काढली."

"कुणाला विचारलं नव्हतं?"

"मी बत्तीस वर्षं पाण्यावर आहे साहेब. कुणाला विचारायचं?" हे खोटं होतं. पाण्यावर तो एकवीस वर्षं होता आणि त्यातली चौदा बहिणीला विचारूनच. पण गणितात तो लहानपणापासून कच्चाच, असं नंतर वहिनी म्हणाल्या.

मग टिंबूताईंना उभं केलं. "पावणेचारला दाब किती होता?" ताईंनी आकडा सांगितला. "त्याआधी तीन तासांचा?" तोही सांगितला. "ठीक आहे, बसा." त्या बसल्या. विचारलं तेवढं सांगितलं. न विचारलेलं सांगायची ती जागा होती, वेळ होती, आणि समोर भाऊ बसलेला होता. त्यांनी नकाशाची गुंडाळी पुन्हा बांधली. दादाचं लायसन्स गेलं. टिंबूताईंना महिन्याभराने प्रशस्तिपत्र मिळालं. 'प्रसंगावधान आणि तत्परता' असं त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं. साहेबांनी ते काचेत बसवून नकाशाच्या शेजारी टांगलं. त्या आठवड्यात ताईंनी आपलं टेबल फिरवून घेतलं, उजेड डोळ्यावर येतो म्हणून. त्या बाजूला खिडकीच नव्हती.

लाज ही मोठी विचित्र गोष्ट. दुःख सांगितलं की हलकं होतं, राग ओरडला की उतरतो; लाजेचं मात्र उलट, ती जितकी लपवावी तितकी अंगाला चिकटते. आधी त्यांना वाटलं, दादा बरा होऊन घरी आला की सांगू. मग वाटलं, चालायला लागला की. मग त्याला एका शाळेत घंटा वाजवायचं आणि फाटक सांभाळायचं काम मिळालं, तो पुन्हा हसायला लागला, आणि वाटलं, आता कशाला खपली काढा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शाळेत लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पावणेचारला, ऑफिसातला फोन वाजला.

"काय म्हणतंय?"

ताई चाचरल्या, "काय... म्हणजे कशाला रे?"

"अगं, चारला शाळा सुटते. पोरांना छत्र्या उघडून बाहेर सोडू की मिटून?"

त्या दिवसापासून त्यांनी पावसाचं पडणं सोडलं. 'येईल', 'थांबला', 'उतरतोय' असे शब्द वापरून त्यांनी एकोणीस वर्षं रोज भावाला हवा सांगितली. दादाकडे गेल्या की वहिनी म्हणायच्या, "तुमच्याशी फोनवर बोलल्याशिवाय यांचा दिवस उजाडत नाही आणि मावळतही नाही." ताई पदराशी चाळा करत बसायच्या. दादाच्या मनात काय आहे याबद्दल त्यांनी एक समजूत करून घेतली होती. त्याला वाटतंय की आपल्या बहिणीचा अंदाज चुकला. बिचारीची नोकरी जाऊ नये म्हणून तो गप्प बसला. अंदाज चुकला नव्हता. अंदाज तर इतका बरोबर होता की त्याला टाळ्या मिळाल्या. हे त्याला कळलं तर? त्यापेक्षा त्याने आपल्याला कामात कच्ची समजलेलं बरं.

यंदा टिंबूताई निवृत्त होणार. ऑफिसने समारंभ ठरवला. आताचे साहेब तरुण, उत्साही; त्यांनी भिंतीवरचं ते प्रशस्तिपत्र पुसून घेतलं आणि म्हणाले, "ताई, हा किस्सा मी भाषणात रंगवून सांगणार. आणि तुमच्या बंधूंना मी परस्पर फोन करून बोलावलंय, पहिल्या रांगेत बसवू." ताई म्हणाल्या, भाषण नको. टाळ्या तर नकोच नको. साहेबांना तो विनय वाटला.

त्यातच समुद्रात पुन्हा एक पुंजका तयार झाला. तीन दिवस त्याचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. रविवारी सकाळचं टिंब काढून ताई दुपारी दादाकडे गेल्या. दादा खाटेवर बसून शर्टाला इस्त्री करत होता, समारंभासाठी. कुबडी भिंतीला टेकवलेली. वहिनी शेजारी गेल्या होत्या.

"ये टिंबे. बघ, कॉलर कडक झाली की नाही? पहिल्या रांगेत बसायचंय म्हटलं."

"दादा, तू येऊ नकोस."

"का? एक पाय कमी आहे म्हणून खुर्ची कमी भरेल होय?"

ताई समोर बसल्या. त्यांनी ठरवून आणलेलं सगळं विसरायला झालं. "त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी जे म्हटलं ना फोनवर... पडला म्हटलं... तो वारा नव्हता. दाब पडला होता. समुद्रावरचा."

दादाने इस्त्री उभी करून ठेवली. "म्हटलास बाई एकदाचा," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं वाट बघतोय, हिच्या तोंडून हा शब्द कधी पडतो म्हणून. मागे 'कप खाली गेला' म्हणालीस, तेव्हा तुझी वहिनी जिन्याकडेच बघत राहिली होती."

"तुला माहीत होतं?"

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस, हे तेव्हाच कळलं. 'हो साहेब' म्हणालीस ना. मला कधीपासून साहेब म्हणायला लागलीस? म्हणून तर मी फोन ठेवला नाही."

ताईंना आधी अर्थच लागला नाही.

"ठेवला नाहीस?"

"नाही ना. धरून थांबलो. म्हटलं, येईल, सांगेल नीट. पाच-सात मिनिटं तरी थांबलो असेन. तिकिटवाला डोळे वटारायला लागला, उतारू ओरडायला लागले."

एकोणीस वर्षं टिंबूताईंना वाटत होतं की आपण फोन लावला नाही. फोन लावायचाच नव्हता. वहीवरचा रिसीव्हर नुसता उचलून कानाला लावायचा होता. भाऊ तिथेच होता, पाच पावलांवर, वाट बघत.

"मग... मग का सोडलीस लाँच?"

दादाने शर्टाची बाही हाताने सारखी केली. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती आणि रागही नव्हता. खूप दिवस मनात असलेली एक साधी शंका विचारावी तसं तो म्हणाला, "अगं, टाळ्या वाजत होत्या. चांगल्या ऐकू येत होत्या, बोलणं तेवढं लांबून कळत नव्हतं. मग मोठ्याने हसले सगळे, कुणीतरी शिट्टी मारली. मी म्हटलं, संकट टळलेलं दिसतंय, ऑफिसात आनंदीआनंद आहे. वादळ येणार असेल तर कोणी टाळ्या वाजवतं का? म्हणून सोडली. मला तेवढं एकच कधी कळलं नाही टिंबे. त्या टाळ्या कशाच्या होत्या गं? कुणाचा वाढदिवस होता?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईंनी मान वर केली नाही. खोटं बोलायला वाव होता. वाढदिवस तर त्याने आयताच हातात दिला होता.

"माझ्या होत्या," त्या म्हणाल्या. "दाब पडतोय हे मी ओळखलं, म्हणून. तू फोनवर असशील असं नव्हतं वाटलं, पण तुला सांगायला हवं हे कळलं होतं मला दादा. तेव्हाच कळलं होतं. रिसीव्हर दिसत होता. मी टाळ्या घेत बसले."

दादाने इस्त्री पुन्हा उचलली, ती गार झाली होती, तरी दोन-चार वेळा शर्टावरून फिरवली. वहिनी परत आल्या, चहा झाला, ताईंनी तो खाली बघत प्यायला. निघताना दादा नेहमीसारखा फाटकापर्यंत आला नाही.

सोमवारी दुपारी ऑफिसात गडबड होती. संगणकांची तोंडं पुन्हा तीन दिशांना होती, बाहेर वारा साफ पडलेला. साडेतीन वाजून गेल्यावर बोयाचा आकडा आला. दोन तासांत सहाने कमी. तरुण साहेब धावत नकाशाशी गेले. "ताई, या! टिंब!"

ताईंनी घड्याळाकडे बघितलं. पावणेचारला पाच मिनिटं. त्या फोनशेजारी बसल्या. पावणेचार झाले. फोन वाजला नाही. तीन सेहेचाळीस. तीन सत्तेचाळीस. शाळेत लागल्यापासून फोन आला नाही असा हा पहिलाच दिवस, आणि चारला पोरं खाडीकाठच्या रस्त्याने घरी निघायची.

आजवर फोन नेहमी त्यानेच केला होता. शाळेचा नंबर ताईंना वहीत शोधावा लागला. तिकडे उचलला. श्वास ऐकू आला, आवाज नाही.

"दादा, मी बोलते आहे. तुझ्याशीच बोलते आहे," ताई म्हणाल्या. "समुद्रावर हवेचा दाब पडतोय. वारा पडलाय तो फसवा आहे. तासाभरात उलटा उठेल. पोरांना खाडीच्या रस्त्याने सोडू नकोस. घंटा आत्ता वाजव, मागच्या फाटकाने वरच्या रस्त्याला लाव."

मग दादाचा आवाज आला. "थांब."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कुबडी, एक पाऊल, कुबडी, एक पाऊल, लांब जात जात. मग घंटा. एकदा, दोनदा, मग न थांबता. मग पोरांचा कल्ला, आणि त्यावरून चढलेला दादाचा खणखणीत आवाज, "मागचं फाटक! धावायचं नाही, मागचं फाटक!"

"ताई!" साहेब नकाशापाशी शाईचं पेन हातात धरून उभे होते. त्यांच्यामागे सगळं ऑफिस जमलं होतं. "अहो ताई, कमाल केलीत, बोयावर लक्ष ठेवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं सकाळी! या ना, टिंब तुमच्याच हातचं हवं." कुणीतरी टाळी वाजवायला हात वर केले.

ताईंनी रिसीव्हर कानावर आणखी घट्ट धरला. तिकडे टेबलापाशी कुणी नव्हतं, नुसता लांबून कल्ला येत होता.

"तुम्ही काढा," त्या म्हणाल्या. "मी फोनवर आहे."